अनुभव धागा: पोरं हाताबाहेर जाण्याआधी तुमच्याकडे कोण आडवं आलं?

कृष्णाकाठचा
काल आईची ट्रंक आवरताना प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेली एक झेरॉक्स सापडली. बायकांच्या सह्यांची यादी. निम्म्या सह्या, निम्मे अंगठे. तिथेच खाली बसलो, आवरायचं राहूनच गेलं.

तेव्हा मी आठवीत, दादा अकरावीत. त्याच्या खिशात आधी माव्याची पुडी असायची, मग एक दिवस चपटी सापडली. आईने मारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे गेली, तर त्यांच्याही घरात तेच. तिथून गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या सह्या सुरू झाल्या. नियम असा की गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, उत्पादन शुल्कवाले सह्या तपासणार, मग गुप्त मतदान: उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आणि पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे मुंबईला लेकाकडे गेलेली बाई आली नाही तर ती उभ्या बाटलीच्याच पारड्यात. वारलेली पण यादीत नाव राहिलेली म्हातारीसुद्धा! आई महिनाभर यादी घेऊन दारोदार फिरली. माहेरी गेलेल्या बाळंतिणींना आणायला जीप केली. आजीला शिक्का कुठे मारायचा ते परातीतल्या पिठावर बोटाने काढून दाखवलं.

दुकान बंद झालं. आठ दिवसांत शेजारच्या गावातून पोत्यातून माल यायला लागला. तेव्हा आई म्हणाली, "दुकान गेलं, पर संध्याकाळ मोकळीच ऱ्हायली की." मग बायकांनी पंचायतीकडून शाळेच्या पटांगणावर दोन हॅलोजन लावून घेतले आणि एका निवृत्त गुरुजींनी रोज साडेसहाला शिट्टी मारायला सुरुवात केली. कबड्डी. दादा नुसता कट्ट्यावर बसून बघायचा. गुरुजी त्याला काही म्हणायचे नाहीत, फक्त हजेरीत रोज त्याचं नाव घ्यायचे. सतराव्या की अठराव्या दिवशी तो "हजर" म्हणाला.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. उपदेश नको.

बेदाणा
शेडवर आहे, रात्री लिहितो. पण "हजर" वाचून डोळ्यात पाणी आलं राव.

कंदीपेढा
आमच्यात बाहेरून यायची गरजच नव्हती. सातारा जिल्हा, फौजींचं गाव, घरोघरी मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड, त्यावर दारूचा कोटा. वडिलांच्या कपाटात कोट्याच्या बाटल्या कायम. माझ्या पुतण्याने त्यातली काढून पाणी भरून ठेवलं होतं, नववीत असताना. वडिलांना घोट घेताच कळलं. ओरडले नाहीत, रात्रभर ओट्यावर बसून राहिले.

पुढच्या महिन्यात माजी सैनिकांच्या बैठकीत ते उभे राहून म्हणाले, कोट्याची बाटली गावात कुणी विकायची नाही, आणि ज्याच्या घरात वाढतं पोरगं आहे त्याने आणायचीच नाही. दोघं भांडून उठून गेले. बाकीच्यांनी ऐकलं. आता हीच मंडळी पहाटे पाचला भरतीच्या पोरांना रस्त्यावर पळवतात. पोरांना एकच गोष्ट पटते: गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत अडकशील, मग सोळाशे मीटर कितीही मिनिटात मार.

हळदबाजार
@कंदीपेढा तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

कबड्डीवरून आठवलं, डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः शिवछत्रपती पुरस्कार मिळालेले कबड्डीपटू. साताऱ्यातली परिवर्तन ही व्यसनमुक्ती संस्था त्यांनीच उभी केली. लोकांना अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) तेवढी माहीत असते.

आमच्या गल्लीत ३१ डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' करतो. पहिल्या वर्षी चाळीस लिटर दूध आटवलं आणि साडेआठलाच संपलं. बुलेटवरून टिंगल करायला आलेली चार पोरं होती, तीच डेअरीत जाऊन आणखी दूध घेऊन आली आणि एकपर्यंत ढवळत बसली. पुढच्या वर्षापासून पातेलं त्यांच्याकडे.

वांगीभात
चाळीस लिटरला मसाला किती घालता? आमच्या कोजागरीला दरवेळी केशर जास्त होतं आणि वेलदोडा कमी.

हळदबाजार
ताई, केशर नाहीच. वेलदोडा, जायफळ आणि आपली सांगलीची हळद चिमूटभर. रंग हळदीनेच येतो.

मिरजेची_नर्स
ड्यूटी संपली, रिक्षात आहे, चुका समजून घ्या. दारूवरच बोलताय सगळे, आमच्याकडे आता इंजेक्शनं आहेत. मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर बीपी पडलं तर द्यायचं औषध आहे ते. जिमची पोरं "दम टिकतो" म्हणून शिरेत घेतात. ठोके वाढतात, बीपी चढतं, झोप जाते, पुढे पुढे घरचेच आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटायला लागतं. माझ्याच वॉर्डात एकोणीस वर्षांचा मुलगा आईला ओळखत होता आणि तरी तिच्या हातचं पाणी घेत नव्हता.

आमच्या गल्लीतल्या आम्ही अकराजणी रविवारी गच्च्या झाडतो. नावाला झाडलोट, खरं तर सुया शोधायला. पहिल्या रविवारी सात सापडल्या. कोणाची गच्ची ते बोंबलत सुटलो नाही, त्या घरच्या आईशी एकटीनेच जाऊन बोलले.

आणि हात जोडून एक विनंती, ते "नकळत दारू सोडवा" वालं पावडर कुणी चहात घालू नका. त्यातल्या काहींत काय असतं ते लिहिलेलंही नसतं. दारूवर उलटणारं औषध असेल आणि वर माणूस प्यायला तर जिवावर बेततं. रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम कोंडून घालणंही तसंच. फिट येते, भास होतात. डॉक्टर लागतोच.

वांगीभात
माझ्या जावेने घातलं होतं ते पावडर. वाचले भावजी. पण त्या दिवसानंतर ते घरात कुणाच्या हातचा चहा घेईनात. विश्वास गेला तो गेलाच.

माणदेशी_पोर
खरी शाळा इलेक्शनची जेवणावळ. माझा पहिला ग्लास धाब्यावर, वय सोळा, प्रचाराला झेंडे धरले म्हणून. कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, पण तिथं कुणी वय विचारलं नाही. गल्लीतलेच मोठे भाऊ समोर बसलेले. चार वर्षं गेली माझी त्यात.

आता आमच्या गणेश मंडळाचा नियम असा की विसर्जनानंतर तीन दिवसांत वर्गणीचा हिशोब फलकावर लागतो, पै न् पै. "इतर खर्च" नावाची ओळ काढून टाकली. त्या ओळीतच सगळ्या बाटल्या असायच्या.

चारभिंती
पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गांजा, नंतर गोळ्या. मी दोन वर्षं कुणाला बोलले नाही. पोलीस येतील, नाव पेपरात येईल, धाकटीचं लग्न... रात्री दारामागे चप्पल मोजत बसायचे, आला की नाही.

शेवटी १४४४६ ला फोन केला. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा मुलाचं नाव विचारलंच नाही. विचारलं, "तुम्ही जेवलात का आज?" मी फोनवर रडले. त्यांनीच केंद्राचा पत्ता दिला. नंतर एका वकिलांकडून कळलं की एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा मामला असेल आणि मुलगा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण करत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत असतं तर!

सध्या तो घरी आहे. आठ महिने झाले. काल त्याने कांदा चिरून दिला.

मिरजेची_नर्स
ताई, आठ महिने फार मोठे आहेत. पाय घसरला तरी पहिल्यापासून मोजायचं नाही, पुढे चालायचं. तुमच्यासाठीही घरच्या माणसांच्या बैठका असतात, केंद्रात विचारा. एकट्या राहू नका.

कंदीपेढा
चारभिंती ताई, मी साताऱ्यातच आहे. काही लागलं तर निरोप टाका. रात्री-अपरात्री सुद्धा.

बेदाणा
आलो. एवढं सगळं वाचून माझं लहान वाटतंय. आमच्या सांगली जिल्ह्यात २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला एमडी (मेफेड्रोन) या ड्रगचा साठा सापडला, मार्चमध्ये इरळीत कारखाना, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत आणखी एक. शेड भाड्याने देताना आत काय होणार ते मालकाने विचारलेलं नसतं. आमच्या ग्रामसभेत २ ऑक्टोबरला मी हाच मुद्दा मांडला: शेड, जुनी पोल्ट्री, विहिरीवरची खोली, भाड्याने दिली की करार पंचायतीत आणि पोलीस पाटलाकडे नोंदवायचा. सगळे व्यसनमुक्तीची शपथ घेऊन घरी निघाले होते. ठराव लिहूनच उठायचं म्हणून मी माइक सोडला नाही. एकदाचा ठराव झाला.

हळदबाजार
हा ठराव मला पाठव, आमच्याकडे २६ जानेवारीला मांडतो.

माणदेशी_पोर
मलापण.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचं वाचलं. दादाचं विचारलंय काहींनी निरोपात. खेळला तीन वर्षं. गुरुजी गेल्यावर पुन्हा लागली, एकदा केंद्रात जाऊन आला, मग परत घसरला, परत गेला. आता नऊ वर्षं झाली. यादीचा फोटो त्याला पाठवला तर लगेच फोन, "सत्तेचाळीस नंबरचा अंगठा आजीचा हाय." मला माहीतच नव्हतं.

साडेसहाची शिट्टी आता तो मारतो. पण दोन्ही हॅलोजन गेलेत, दिवाळीपासून अंधारच आहे. पोरं मोबाइलच्या उजेडात खेळतात, दोघांचे गुडघे फुटले.

बेदाणा
हॅलोजन राहू दे, बिल झेपायचं नाही. शेडवर शंभर वॅटचे दोन एलईडी पडून आहेत, सीझन संपला की लागत नाहीत. बुधवारी पेठ नाक्याला यायचंय मला. दादाचा नंबर टाक.