राग न आलेले दिवस मोजा
‘स्वतःला ओळख’ या डेल्फीच्या (प्राचीन ग्रीसमधल्या देवळातल्या) वचनाने माणूस विचारात पडतो, बदलत नाही, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटला. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडे स्वतःला ओळखण्याची चक्क कृती आहे. झोपण्यापूर्वी दिवसभराचं एकेक काम तपासायचं: कुठे चुकलो, काय केलं, काय करायचं राहिलं? (प्रश्न त्याचे नव्हेत, ग्रीक विचारवंत पायथागोरसच्या अनुयायांच्या ‘सुवर्ण वचनां’तले.) बरेच जण पहिल्या प्रश्नावरच अडकून स्वतःला दोष देत बसतात, वचनांत चांगल्या कामाचा आनंद मानायलाही सांगितलंय.

शिवाय रागीट माणसाने राग न आलेले दिवस मोजायचे: आधी रोज यायचा, मग दिवसाआड, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ३० दिवस टळला तर देवाला बळी! कारण सवय आधी सैल होते, मग तुटते. आणि दर वेळी रागावलं की पुन्हा घट्ट होते.