इंजिन बदललं, आता जुना फ्यूज बॉक्स ठेवायचा की काढायचा?

जिप्सीवाला, जालना
कार्ब्युरेटरच्या १ लिटर मारुती जिप्सीत १.३ चं एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं) इंजिन बसलंय. आरटीओची परवानगी घेतलीय, तो विषय इथं नको. अडलंय वायरिंगवर. डॅशखाली जुन्या इंजिनाच्या वायरी तशाच लोंबताहेत, त्यात आधीच्या मालकांनी हॉर्न, फॉग लॅम्प, टेपसाठी मारलेले जोड. कुठली लाईन कुठं जाते तेच कळत नाही.
माझं मत: जुना बॉक्स मुळापासून काढावा. ब्लेड फ्यूजचा एक नवा बॉक्स, बॅटरीजवळ मेन फ्यूज, आणि चावीवर फक्त रिलेची, म्हणजे थोड्या करंटवर मोठा लोड चालू करणाऱ्या स्विचची, कॉईल. फॅन, पेट्रोलचा पंप, हेडलाईटचा लोड त्या म्हाताऱ्या चावीच्या स्विचमधून जायलाच नको.

ऑटो वायरमन, लातूर
रिलेबद्दल पटलं, बाकी नाही. दिवे, वायपर, इंडिकेटरचा कंपनीचा सेट चालू असेल तर त्याला हात लावू नका भाऊ. त्याच्या वायरींना रंग ठरलेले आहेत. उद्या किनवटच्या घाटात दिवे गेले, तर तिथला कुठलाही वायरमन रंग बघून लाईन शोधेल. तुमचा नवा बॉक्स तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नाही.
इंजिनाचं मात्र सगळं वेगळं करा. स्वतंत्र छोटा बॉक्स, त्यात ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पंप आणि फॅन. जुन्या वायरिंगला मोजकेच जोड: चावीची इग्निशन लाईन, सेल्फची लाईन, चार्जिंगचा दिवा, मीटरला माप पाठवणारे सेंडर. इग्निशन लाईन घेताना सेल्फ मारून तपासा. टेपची लाईन सेल्फ मारताना बंद होते. ईसीएम त्यावर दिला तर गाडी चालूच होणार नाही.

परभणी ४४ डिग्री
जालनेकरांच्या बाजूनं बोलतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि पांढरी धूळ बघा. पस्तीस वर्षांच्या बॉक्समधल्या फ्यूज धरणाऱ्या धातूच्या पत्त्यांचा ताण गेलेला असतो. फ्यूज सैल बसतो, तापतो, प्लास्टिक वितळतं, आणि फ्यूज मात्र शाबूत. असा बॉक्स रंगांसाठी जपून काय उपयोग?

मोंढा नाका
एवढा काथ्याकूट कशाला? सगळीकडे ३० चे फ्यूज टाका, उडणारच नाहीत. पंप चावीवरून डायरेक्ट द्या.

ऑटो वायरमन, लातूर
मोंढा नाका, हे कृपा करून कुणाला सांगू नका. फ्यूज वायरीसाठी असतो. दोन्ही हेडलाईट अप्परवर ६० वॅटचे धरले तरी १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. दीड एमएमच्या वायरीला १५ चा निळा फ्यूज बास. त्या वायरीवर ३० चा हिरवा टाकला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर पेटेल.
आणि पंपाचा रिले ईसीएमच्याच ताब्यात हवा. इंजिन बंद पडलं की ईसीएम पंप बंद करतो. डायरेक्ट दिलेला पंप अपघातात फुटलेल्या पाईपातून पेट्रोल ओततच राहतो. लोक जळालेत अशानं.
परभणीकर, पत्त्यांचं म्हणणं खरं आहे, पण अंदाजानं कापाकापी नको. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक फ्यूजच्या अलीकडे, एक पलीकडे धरा. अर्धा व्होल्ट पडत असेल तर तेवढा बॉक्स बदला, वायरी त्याच ठेवा.

जिप्सीवाला, जालना
मीटरनं बघितलं. हेडलाईटच्या फ्यूजवर ०.७, वायपरवर ०.२. म्हणजे बॉक्स जाणार, हे माझं खरं ठरलं. रंगाच्या वायरी ठेवतो, तुमचं तेवढं मान्य. पण मधल्या मालकांचा एकही जोड ठेवणार नाही. टेप गुंडाळलेल्या त्या गाठी गेल्याशिवाय सोपं झालं असं मी म्हणणार नाही.

ऑटो वायरमन, लातूर
जोड काढा, पण आधी बॅटरीची केबल सोडवून, आणि एकेक करून. एक काढला की केबल परत जोडून सगळे दिवे लावून बघा, मग पुढचा. अर्थिंग विसरू नका. इंजिन ते चेसिस जाड पट्टी, थिंबलखालचा (टोकाच्या चकतीखालचा) रंग खरवडून. ती ढिली असली तर सेल्फचा करंट ईसीएमच्या बारीक वायरीतून वाट काढतो.
दोन बॉक्स वेगळेच ठेवा, यावर मी अजून ठाम आहे.

परभणी ४४ डिग्री
आणि मी एकावर. दोन बॉक्स म्हणजे धूळ जायला दोन जागा.