दारात सांगाडा टांगला तर दिवाळी बाटते का?

पॉइंटकुककर
मेलबर्नमध्ये हॅलोविन साजरा करणारे मराठी लोक म्हणजे 'अमेरिकेचे गुलाम', आणि ऐन दिवाळीत दारात सांगाडे म्हणजे अभद्र, असं इथे एकाने लिहिलंय. वाचून डोकंच फिरलं. अहो, आमच्या गल्लीत वर्षभर कुणी कुणाचं दार वाजवत नाही. गाडी गॅरेजात, शटर खाली, विषय संपला. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनला, मात्र सगळी गल्ली रस्त्यावर. पोरं भुताखेतांचे वेष करून दारोदार गोळ्या मागतात. समोरचे ग्रीक आजोबा खुर्ची टाकून, मांडीवर गोळ्यांचं पातेलं घेऊन बसतात. जबरदस्ती तर कुणावरच नाही. ज्याच्या दाराला सजावट, त्याचंच दार वाजवायचं, हे पोरांनाही कळतं. २०२४ला त्याच दिवशी नरक चतुर्दशी होती. लेकीने पहाटे अभ्यंगस्नान केलं, संध्याकाळी चेटकीण झाली. तिला अडचण आली नाही, तुम्हाला का यावी?

तिरपागडा
तो लिहिणारा मीच. अमेरिकेचं सोडा, ऋतूचं बोला. सुगी संपून थंडी-काळोख सुरू होतानाचा हा सण. इथे ऐन वसंत, घड्याळं तासभर पुढे, साडेसातलाही चांगला उजेड. आमच्याकडे आलेल्या ड्रॅक्युलाच्या नाकाला सनस्क्रीन होतं! घाबरायचं कुणी?

जुनं खोड
मुळात सण आयर्लंड-स्कॉटलंडचा. तिकडे दिव्यासाठी सलगम कोरायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. आपल्या व्हिक्टोरियातच, कॅसलमेनला, १८५८ साली तो साजरा झाल्याची नोंद आहे.

तिरपागडा
वा! मग मधली दीडशे वर्षं सगळे झोपले होते वाटतं. सुपरमार्केटवाल्यांनी उठवलं. आणि तो कोरायचा नारिंगी भोपळा! पाणचट, चव ना ढव, १ नोव्हेंबरला थेट कचऱ्यात.

माईंचा डबा
भोपळ्याचं निघालंच आहे तर सांगते. घारग्यांना राखाडी सालीचा जॅराडेल घ्या, गर घट्ट असतो, गूळही कमी लागतो. साल मात्र दगड. आणि पहिला घाव घरातल्या पुरुषाने घालायचा, बाईने अख्खा भोपळा चिरू नये.

पॉइंटकुककर
माई, ते कोहळ्याचं! लाल भोपळ्याला कोण पाळतं?

माईंचा डबा
आमच्या साताऱ्याकडे दोन्हीला पाळतात. तुमच्याकडे नसेल.

जुनं खोड
आमच्या आजीच्या घरी फक्त कोहळा. भोपळा बिनधास्त चिरायची.

रात्रपाळी
धन्य आहात! माझा नवरा पंधरा-पंधरा दिवस खाणीवर असतो. तो येईपर्यंत भोपळा नासवू? बाईच्या हातच्या सुरीवर इथे तिघं वाद घालताय, आणि अभद्र कोण, तर प्लास्टिकचा सांगाडा!

माईंचा डबा
एवढं चिडायला काय झालं? रीत सांगितली, फतवा नाही काढला.

रात्रपाळी
रीतच काढलीत तर आपल्या मंडळाची बघा. दिवाळी कधी? शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी. यंदा मेलबर्न कप, म्हणजे नोव्हेंबरातली घोड्यांची शर्यत, उरकल्यावर झाली, आणि वर दीडशे जणांना चार ताटं श्रीखंड. तिथीच्या गप्पा कुणी मारायच्या?

तिरपागडा
श्रीखंडाचं खरं आहे, मलाही मिळालं नाही. सण अजूनही पटलेला नाही, पण तुमच्या समाधानासाठी पुढच्या वर्षी दारात डबा ठेवीन. चॉकलेट मिळणार नाही. चकल्या ठेवणार. ज्या भुताला झेपतील त्याने खाव्यात.

माईंचा डबा
चकलीत तीळ असतात हो. इथे कुणाच्या पोराला ॲलर्जी असली तर पोलिसात जाल. पाकीटबंद गोळ्याच ठेवा.