अनुभव धागा: ऑस्ट्रेलियातल्या गॉर्ज, तंबू आणि ते ऊन

आज गॅरेज आवरताना लेकाचे जुने बूट सापडले. दोनदा धुतलेत, तरी शिवणीत करिजिनी नॅशनल पार्कची लाल माती तशीच! ती दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली.

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून 1400 किमीवर, पिलबरा या भागात. ऑक्टोबर. सकाळी सातलाच तंबूत बसवेना, म्हणून डेल्स गॉर्जमध्ये, म्हणजे खोल अरुंद दरीत, उतरलो. दोन्ही बाजूंना लोहखनिजाचे थरावर थर, 250 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेले. खाली फोर्टेस्क्यू धबधबा, पुढे फर्न पूल. तिथल्या मूळनिवासी बंजिमा लोकांसाठी ती पवित्र जागा, पाण्यात शांतपणे उतरायचं, उड्या मारायच्या नाहीत. माझा सात वर्षांचा दंगेखोर आपोआप कुजबुजत बोलायला लागला.

निघायला भर दुपार केली, तीच चूक. चौघांत चार लिटर पाणी नेलेलं, ते खालीच संपलं. दरीतून वर येताना अर्ध्या जिन्यात सासूबाई बसल्या त्या उठेनात. हाक मारली की नुसतं "हं". मागून येणाऱ्या एका माणसाने स्वतःचं पाणी त्यांना घोटघोट पाजलं, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि हात धरून वर आणलं. घाबरून त्याचं नावही विचारलं नाही. अजून रुखरुख आहे.

तुमचेही अनुभव लिहा.

पर्थकर
माझं उलटं. करिजिनीतलीच हॅन्कॉक गॉर्ज. वर 41 अंश, आणि खाली पाण्यात दात वाजायला लागले! स्पायडर वॉकला दोन्ही भिंतींना हातपाय टेकवत जायचं, पुढे कर्मिट्स पूल. ऊन आत पोचतच नाही. बायकोचे ओठ निळे पडले. कोरडा टॉवेल न्याच.

सोनचाफा
सासूबाई आता कशा आहेत गं?

लाल माती
@सोनचाफा, छान आहेत. 74 पूर्ण. काल कोथिंबीर वड्या केल्या.

सोनचाफा
कृती टाक ना, माझ्या फुटतात

खाणवाली
नवरा न्यूमनला खाणीवर, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्याचे सगळे पांढरे कपडे आता गुलाबी. ते बूट धुऊ नकोस, राहू दे.

मेलबर्नची मावशी
मध्य ऑस्ट्रेलियातल्या किंग्ज कॅन्यनला 36 अंश किंवा जास्त तापमानाचा अंदाज असला की रिम वॉक (दरीच्या वरच्या कडेने जाणारी वाट) सकाळी 9 च्या आत सुरू करावा लागतो. आम्ही सव्वानऊला पोचलो, बंद. इतक्या लांबून आलो म्हणून खूप चिडले होते. खालून ओढ्याकाठाने फिरलो, तिथेही दहालाच जीव नको झाला. तुझं वाचून तो राग आज गेला.

भटक्या
मी सांदणवाला, सह्याद्रीतल्या त्या अरुंद दरीसाठी साम्रद गावी दरवर्षी जातो. तिकडेही अचानक पाण्याचा लोंढा येतो का?

पर्थकर
@भटक्या हो. पाऊस लांब वर पडला तरी. आभाळ भरलं की आत थांबायचं नाही.

सोनचाफा
आणि माशा!!! जाळीची टोपी नसेल तर पोहेसुद्धा खाता येत नाहीत

लाल माती
आत्ता सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, त्याची टोपी निळी होती आणि एका हाताला बँडेज होतं, त्याच हाताने मला धरलं. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. कुकर लावलाय, येते परत. वड्यांचं त्यांनाच विचारून लिहिते.