डोनाल्ड कनूथ: संशोधक आणि मार्गदर्शक

प्रश्न: स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९९३ साली निवृत्त झालेले संगणकशास्त्रज्ञ कनूथ मार्गदर्शक म्हणून कसे होते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामावरून कळू शकते का?

प्रतिसाद: नक्कीच. रॉबर्ट सेजविक यांचा १९७५ चा प्रबंध केवळ क्विकसॉर्टवर, म्हणजे यादी क्रमाने लावण्याच्या एका पद्धतीवर, आहे. प्रत्येक पायरी सरासरी किती वेळा घडते हे गणिताने काटेकोर मोजण्याची ती शिस्त कनूथ यांचीच, आणि मला ती फार मोलाची वाटते.

प्रतिसाद: वॉन प्रॅट हेही त्यांचेच विद्यार्थी. कनूथ आणि प्रॅट यांनी संगणकशास्त्रज्ञ जेम्स मॉरिस यांच्यासह लिहिलेल्या १९७७ च्या शोधनिबंधातील युक्ती पाहा: मजकुरात 'कखकखग' हा नमुना शोधताना पहिली चार अक्षरे जुळून पाचवे चुकले, तरी शेवटचे 'कख' नमुन्याच्या आरंभाशी जुळतेच, त्यामुळे मजकुरात मागे न जाता नमुन्याच्या तिसऱ्या अक्षरापासून तुलना पुढे नेता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सेजविक यांचा प्रबंध आधी वाचायला घेतो.