प्रतिसाद: बांधावर काजू लावताना

एकरभर सेंद्रिय भाजीच्या बांधावर काजूची कलमं 3 मीटरवर लावायचा बेत वाचला. कोकणात 3 मीटर फार दाट होतं. निदान 7 मीटर ठेवा, नाहीतर फांद्या एकमेकींत घुसतात आणि मोहोर फक्त शेंड्याला, उन्हातल्या फुटव्यांवर येतो. झाडं उत्तरेच्या बांधावर घ्या. हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते, म्हणजे वाफे उन्हात राहतात. (पलीकडे शेजाऱ्याचं शेत असेल तर त्याच्याशी आधी बोला!)

जात वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 घ्या. खड्डा 60 सेंमी लांब, रुंद, खोल. एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्या. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. कच्चं शेणखत घातलंत तर वाळवी आलीच समजा. लागवड पाऊस स्थिरावल्यावर.

कलमं मरतात ती बहुधा सांध्यापाशी, म्हणजे खालचा खुंट आणि वरची काडी जोडलेली असते तिथे. सांधा मातीच्या वर चार बोटं हवा. त्यावरची प्लास्टिक पट्टी सांधा पक्का जुळल्यावर ब्लेडने उभी चिरून काढा, नाहीतर ती सालीत रुतते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. सांध्याखालचे फुटवे दिसले की खुडा. ते जोमदार दिसतात म्हणून लोक ठेवतात, आणि वाढतो तो खुंटाचा रायवळ (बियांपासूनचा साधा) काजू.

पहिल्या दोन वर्षांचा मोहोर काढून टाका. मधल्या जागेत चवळी, कुळीथ चालेल. पुढे बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला तर तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी: साल तासून अळी तारेने ओढून काढा.