परका हात शिवणारा डॉक्टर: विनोदी भयमांगेतले टाके, टोन आणि छपाई

काळीशाई:
नमस्कार मंडळी. ३२ पानांची, काळ्या-पांढऱ्यातली मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढतो आहे. पूर्ण मराठी, डावीकडून उजवीकडे वाचायची. यावलकडच्या एका गावातला डॉक्टर झाडांची कलमं बांधावीत तसे माणसांचे अवयव एकमेकांना जोडून पाहतो. दवाखाना केळीबागेत आहे, त्यामुळे भिंतीवर केळीच्या कलमांचे तक्ते लावलेत. पहिल्या भागात आबांचा उजवा हात कडबाकुट्टीत मनगटापासून तुटतो आणि डॉक्टर त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी हात शिवून देतो. तो हात आबांचं ऐकत नाही. पाचव्या पानावर पट्टी सुटते आणि हात पहिल्यांदा दिसतो.

कच्चा आराखडा वाचणारे ना दचकतात, ना हसतात. शस्त्रक्रिया खोटी वाटते असंही ऐकलं. टाके, रक्त, हाताचा रंग कसा दाखवायचा? विनोद कुठे ठेवायचा? ऑफसेटवर छापायचं तर टोनचं, म्हणजे ठिपक्यांनी दाखवायच्या छटांचं, काय? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

टाकेदार:
भाऊ, अशा गोष्टीत वाचक तुम्हाला एकच थाप मारू देतो. परका हात गावातल्या दवाखान्यात जोडला, ही ती थाप. ती पचवायची असेल तर बाकीचं सगळं काटेकोर हवं.

तुटण्यापासून बघा. पातं एकदाच बसलं तर काप सरळ येतो. हात आत ओढला जाऊन चेंगरला किंवा दोन-तीन ठिकाणी तुटला तर जोडणं जवळपास संपलंच. म्हणून एकच घाव दाखवा. तुटलेला हात ओल्या स्वच्छ कापडात, कापड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी बर्फात. हात थेट बर्फाला टेकला तर ऊती गोठून मरतात. बर्फाशिवाय साधारण ६ तास, बर्फात १२ तास, एवढाच वेळ हातात असतो. कथेचं घड्याळ इथेच मिळतं. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत कुणीतरी तो डबा मांडीवर घेऊन बसलंय. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, आणि दर स्टेशनाला बर्फ कमी होतोय.

जोडण्याचा क्रम चुकवू नका: आधी हाड, मग स्नायूंच्या दोऱ्या म्हणजे टेंडन, मग धमनी, चेतातंतू, शिरा आणि सर्वांत शेवटी त्वचा. हाडाची टोकं थोडी कापून घेतात, नाहीतर रक्तवाहिन्यांना ताण बसतो. त्यामुळे जोडलेला हात दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड राहतो. दोन्ही हात शेजारी ठेवलेली एक चौकट काढा, सांगायची गरज पडणार नाही.

टाके: मनगटाचा घेर १७ सेंमी धरा आणि टाक्यांत ७ मिमी अंतर. एकूण २४ टाके होतात, समोरून १२ दिसतील. गोणी शिवल्यासारख्या फुल्या काढू नका. प्रत्येक टाका सुटा असतो, गाठ कापाच्या रेषेवर न येता एका बाजूला येते, आणि सगळ्या गाठी त्याच बाजूला. दोऱ्याची टोकं ५ मिमी बाहेर. टाका फार आवळला तर त्वचेच्या कडा आधी पांढऱ्या पडतात, पुढे काळ्या. सुई अर्धगोल असते आणि सुईधारकात धरलेली असते: अंगठा व अनामिका कड्यांत, तर्जनी दांड्यावर. सुई बोटांत धरलेली काढलीत तर तो शिंपी वाटेल.

आता रंग, कारण तुमचं सगळं भय तिथे आहे. धमनी बंद पडली तर हात पांढरा, थंड, सुकलेला. त्यावर टोन अजिबात नको, रेषाही बारीक. शिरा बंद पडली तर रक्त आत येतं पण बाहेर जात नाही. हात फुगून जांभळा होतो, तिथे ४० टक्के टोन द्या आणि नखं गडद करा. अशा फुगलेल्या हाताला आजही जळवा लावतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये औषधी जळवांना रीतसर मान्यता दिली. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती गळून पडल्यावरही जागा काही तास झिरपत राहते. आबांच्या उशाशी तांब्या आणि जळवांची बरणी शेजारी-शेजारी ठेवा.

"हात ऐकत नाही" हे मात्र दुरुस्त करा. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, ते आबांचेच. त्यामुळे टेंडन भरून आल्यावर मूठ आबाच वळतात. बोटं फाकवणं, अंगठा बोटांसमोर आणणं हे तळहातातल्या छोट्या स्नायूंचं काम, आणि ते परके. चेतातंतू रोज साधारण १ मिमी वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंमी, म्हणजे सहा महिने. तोवर हाताला विस्तव लागला तरी कळत नाही. नंतर कळायला लागतं, पण तारा अदलाबदल होऊन: करंगळीला हात लावावा आणि जाणीव तर्जनीत व्हावी. आबांची मूठ त्यांची, पण पाचव्या दिवशी अंथरुणावर बोटं आपोआप फाकतात, हे वागणाऱ्या हातापेक्षा जास्त भयंकर आहे.

चौकट_मोजणारा:
दचकत नाहीत याचं कारण पानाचा क्रमांक. आपल्या वाचनदिशेत पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणून पान उलटल्यावर पहिल्यांदा दिसतं ते सम क्रमांकाचं, डावीकडचं पान. तुमचा हात पाचव्यावर आहे. वाचक चौथं उघडतो तेव्हा पाचवं डोळ्यांच्या कोपऱ्यात आधीच दिसलेलं असतं. हात सहाव्यावर न्या. पाचव्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात छोटी चौकट: पट्टीचा शेवटचा वेढा आणि कात्रीचं टोक. सहावं पूर्ण पान, एकच चित्र, संवाद नाही. जपानी पानं उजवीकडून डावीकडे वाचली जातात, त्यांचा आराखडा जसाच्या तसा उचलला की हीच चूक होते.

विनोद सातव्या पानावर. सारख्या आकाराच्या चार चौकटी, कॅमेरा हलवू नका, पार्श्वभूमी कोरी. काकू कळण्याची भाकरी थापताहेत. "जेवायला कोणता हात धुऊ?" आबा विचारतात. काकू मान वर न करता ताट सरकवतात. लोक जितके नेहमीसारखे वागतील तितकं हसू येतं. डोळे विस्फारलेले चेहरे काढलेत की भय आणि हसू दोन्ही जातं. डॉक्टरही वेडा हसणारा नको. तो बिल लिहितो.

आणि भिंतीवरचे ते केळीच्या कलमांचे तक्ते काढून टाका. केळ एकदल आहे, खोडात कॅम्बियम म्हणजे वाढीचा थर नाही, कलम लागत नाही. जळगावचा कोणताही शेतकरी पहिल्याच पानावर पुस्तक खाली ठेवेल. केळीचे मुनवे लावतात नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं. डॉक्टरला मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरता येतो, असं करा. डोळा भरणं हा शब्दच तुमच्या दुसऱ्या भागाचं नाव होऊ शकतो.

काळीशाई:
सहावं पान आणि मोसंबी, दोन्ही मान्य. डोळा भरणं तर लगेच वहीत लिहून ठेवलं. टाकेदार भाऊ, परक्या हाताचं पुढे प्रत्यक्षात काय होतं? आणि छपाईचं कुणी सांगेल का? कागद बी-४ आकाराचा आहे, चौकटीची आतली मर्यादा १८० × २७० मिमी.

टाकेदार:
शरीर परका हात नाकारतं, आणि सर्वांत जोरात नाकारते ती त्वचा. पुरळ, लाली, सूज, मग कातडी सोलते. हे थांबवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज, जन्मभर. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ शहरात पहिला टिकलेला हात बसवला गेला. त्या रुग्णाला तो कधी आपला वाटला नाही, औषधं सुटली आणि २००१ मध्ये त्याच्याच मागणीवरून हात काढून टाकावा लागला. तुमच्या गोष्टीचा शेवट यात आहे.

मॅपलिथो:
पुस्तक डेमी आकाराचं करणार असाल, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, तर १८० मिमीची चौकट ११५ मिमीवर येते. सगळं ६४ टक्के होतं. ०.२ मिमीची रेषा ०.१३ उरते, चालते. टाक्यांच्या दोऱ्याची ०.१ मिमीची रेषा ०.०६ होऊन तुटक छापते. दोरा म्हणून ०.२च्या खाली काढू नका.

टोन आधी लावून मग चित्र लहान केलंत की ठिपके एकमेकांत अडकून चौकडीसारखी जाळी दिसते. म्हणून आधी चित्र अंतिम मापात आणा, ६०० डीपीआयवर फक्त काळा-पांढरा ठेवा, करडं काहीच नको, आणि मग टोन भरा, इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळी. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, त्यावर शाई पसरते: १० टक्क्यांखालचे ठिपके उडतात, ६०च्या वरचे भरून काळे होतात. १०, २०, ४० एवढ्या तीनच छटांत पुस्तक काढा. फाइल टिफमध्ये द्या. जेपेग केलंत की रेषांच्या कडेला करडी धूळ येते, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलंत की ठिपक्यांचं वाटोळंच. पीडीएफ करताना चित्र लहान करायचा पर्याय बंद ठेवा. ३२ पानं मधोमध पिन मारायला योग्य आहेत, १६ पानांचे दोन फॉर्म. कागद ८० जीएसएम वजनाचा घ्या. ७०वर सहाव्या पानावरचा भरीव काळा मागच्या पानावर दिसेल.

फुग्यांकडेही बघा. जपानी फुगे उभे असतात, त्यांची लिपी उभी चालते म्हणून. मराठीला आडवे, पसरट फुगे लागतात. छापल्यावर अक्षर ९ ते १० पॉइंट, ओळींतलं अंतर १४० टक्के, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो.

गिरणाकाठ:
संवादांबद्दल एकच. डॉक्टर प्रमाण मराठी बोलू दे, आबा अहिराणी. हात पाहून आबांनी ओरडू नये, फक्त म्हणावं: "हाऊ हात कोना शे?" डॉक्टर दुरुस्त करतो, "तुमचाच आहे आता." आबा: "मना नही शे, भाऊ." अहिराणीच्या खाली मराठी टीप देऊ नका, खान्देशाबाहेरच्यालाही चित्रावरून कळतं. आवाजही आपलेच: कातडीला "सप्", थेंबाला "टिप् टिप्", हाडाच्या करवतीला "खर्रर्र".

टाकेदार:
करवतीवरून आठवलं. हाडाला तारेची करवत दाखवायची तर दोन्ही टोकांना मुठी, आणि तार उघड्या कोनात ओढलेली. कोन फार बंद केला की तार तापते आणि तुटते, म्हणून मदतनीस वरून सलाइनची धार सोडतो.

चौकट_मोजणारा:
रक्ताचं राहिलं होतं. ताजं रक्त भरीव काळं, त्यात खिडकीच्या प्रतिबिंबासारखी एक पांढरी जागा सोडा, ती नंतर पांढऱ्या शाईने भरू नका. वाळलेल्यात चमक नाही, ४० टक्के टोन आणि कडेला जाड काळी रेषा. धमनीचं रक्त ठोक्यागणिक उडतं, थेंबांच्या तुटक कमानी येतात. शिरेचं नुसतं ओघळतं. मे महिन्यात शाई बाटलीत घट्ट होते, त्यामुळे भरीव काळा थरांचा दिसतो: झाकणात थोडीच ओता, दोन थेंब डिस्टिल्ड पाणी घाला, पंखा कागदावर येऊ देऊ नका. नवी निब आधी पुसून तिच्यावरचं तेल काढा, नाहीतर पहिल्या टाक्यालाच शाई धरत नाही.